बाबा जहाजावर, आम्ही लोणारला

शुक्रवार रात्र

"बाबा आल्यावर जाऊ." आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की धाकट्याला ते सणांच्या नावासारखं पाठ आहे. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. सहा महिने समुद्रावर, मग तीन-साडेतीन महिने घरी. मुलं लहान होती तोवर हे निभावलं. पण मोठी अकरा वर्षांची झाली, धाकटा सहाचा, आणि एका दिवाळीत हिशेब केला तेव्हा कळलं की बाबा आल्यावर जायच्या ठिकाणांची यादी तीन वर्षांत नुसती वाढत गेलीय. बाबा घरी येतात तेव्हा शाळा चालू असते, नाहीतर परीक्षा असते, नाहीतर घराची आणि बँकेची खोळंबलेली कामं असतात. तेव्हा मी ठरवलं की हे वाक्य आता बंद.

सुरुवात दौलताबादपासून केली. छत्रपती संभाजीनगरहून पंधरा किलोमीटर, म्हणजे काही बिनसलंच तर अर्ध्या तासात घर. मग पैठण झालं, मग अजिंठा. अंतर असं एकेक पायरीने वाढवलं, कारण मला स्वतःला जोखायचं होतं. मागे दोन मुलं आणि गाडीत दुसरं मोठं माणूस नाही, अशा वेळी सलग किती वेळ मन लावून गाडी चालवता येते, हे घरी बसून कळत नाही. माझं उत्तर आलं दीड तास. त्यानंतर थांबायचंच, मुलं झोपली असली तरी.

या वेळी लोणार. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर आणि एक रात्र मुक्काम. सासूबाईंना काळजी होती. "समृद्धीवरून नको गं जाऊस," त्या म्हणाल्या. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ त्या महामार्गावर बस पेटून 25 माणसं गेली, ते त्या विसरलेल्या नाहीत. मीही नाही. पण माझं कारण थोडं वेगळं होतं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, मोटारींना 120 ची मुभा, रस्ता उत्तमच. मात्र तसल्या सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळे उघडे असून मेंदूला गुंगी येते, आणि शेजारी बोलत ठेवणारं कुणी नसेल तर ती लवकर येते. जुन्या रस्त्यावर गावं लागतात, फाटे लागतात, ट्रॅक्टर आडवे येतात. वेग कमी होतो, पण माणूस जागं राहतं. मी जालना-सिंदखेडराजा हा जुना रस्ता धरला.

रात्री दहाला फोन लागला. जहाज अटलांटिकमध्ये, तिकडे दुपार. आवाज तुटत होता. मोठीने लोणारच्या सरोवराबद्दल वाचून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. पाणी खारट, शिवाय अल्कधर्मी, पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 10 च्या आसपास नोंदलेलं. तो हसला. "अगं, आमच्या बॉयलरच्या पाण्याचं पीएच मी रोज तपासतो. तू तिथे तपास. हळद आहे ना घरात?"

फोन कट झाला, पण तेवढं पुरलं. बशीत हळद कालवली, वहीचा कागद त्यात बुडवला, पंख्याखाली वाळवला आणि बोटभर रुंदीच्या आठ पट्ट्या कापल्या. धाकट्याची बोटं सकाळपर्यंत पिवळीच होती. त्याला एवढंच कळलं होतं की हे बाबांचं काम आहे आणि ते आपल्याला करायचंय.

शनिवार

साडेसहाला निघालो. टायरची हवा, स्टेपनीची हवा आणि टाकी आदल्या संध्याकाळीच बघून घेतली होती. हे सकाळी करायला गेलं की मुलं गाडीत ताटकळतात आणि दिवसाची सुरुवात कुरबुरीने होते. बहिणीला लाइव्ह लोकेशन पाठवलं. मोठीकडून गाडीचा नंबर आणि 112 पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. आई बेशुद्ध पडली तर काय करायचं, हे अकरा वर्षांच्या मुलीला सांगताना जीव चरचरतो. तरी सांगायचं. घाबरवायचं नाही, गॅस कसा बंद करायचा हे सांगतो त्याच आवाजात सांगायचं.

पुढच्या सीटवरून वाद झालाच. "बाबा नाहीत तर त्यांच्या सीटवर मी बसते. मॅप बघेन, तुला पाणी देईन." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेजारून कुणी पाण्याची बाटली झाकण उघडून हातात दिली तर केवढा फरक पडतो, ते एकट्याने गाडी हाकणारीलाच ठाऊक. पण दोन्ही मुलं मागेच बसली, पट्टे लावून. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा त्यांची वेगळी सीट हा कायदाही आहे. शेजारच्या सीटवर डब्यांची पिशवी ठेवली.

बदनापूरच्या पुढे ऊन वर आलं. दोन्ही बाजूंना हरभरा, मधूनच कापसाची वेचणी राहिलेली शेतं. जालन्याच्या अलीकडे धाकट्याला गाडी लागली. हे दर वेळी होतं, त्यामुळे त्याच्या पायाशी झाकणाचा डबा, ओला पंचा आणि कपड्यांचा एक जोड तयारच असतो. दुसरं मोठं माणूस असलं की एकजण मुलाला धरतो आणि दुसरा गाडी पुसतो. एकटीने क्रम ठरवून ठेवायचा: गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली, हॅजर्ड दिवे, चावी काढून खिशात, मग मूल. चावी खिशात, हे मी तोंडाने म्हणते. आम्ही उभे होतो तिथे पलीकडून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी आल्या. भारा न उतरवताच थांबल्या. "लेकराला मीठ-साखरेचं पाणी द्या ताई, थोडं थोडं. एकदम नका देऊ." एवढं बोलून पुढे गेल्या.

जालन्यात धपाटे आणि दही खाल्लं. साडेनऊच्या सुमारास सिंदखेडराजा.

12 जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिवशी, इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही महिन्याच्या शेवटाला गेलो, तेव्हा लखुजी जाधवांच्या राजवाड्यात शाळेची एक सहल आणि आम्ही, एवढेच होतो. वाड्याचा दरवाजा भक्कम, आतली जन्माची जागा मात्र साधी. 1598 साली इथे एक मूल जन्माला आलं, आणि आजही बायका तिथे वाकून हात टेकवतात. मोठीने मागच्या वर्षी चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास वाचलाय, त्यामुळे ती पुढे आणि आम्ही मागे. समाधीपाशी ती थबकली. लखुजींची समाधी चांगली मोठी आहे, लांबूनही नजरेत भरते. "आई, यांना दौलताबादला मारलं ना? आपण गेलो होतो तिथेच?"

हो. 1629 साली, निजामशाहीच्या दरबारात, मुलांसह. दौलताबादच्या किल्ल्यावर आम्ही भुयारी वाट बघितली होती, तोफ बघितली होती, पण हे मी तिला तिथे सांगितलं नव्हतं. दोन वेगवेगळ्या शनिवारी पाहिलेल्या दोन जागा तिच्या डोक्यात तिच्या तिने जुळल्या. मला ते फार आवडलं. एकाच मोठ्या सहलीत दहा ठिकाणं उरकण्यापेक्षा महिन्यातून एक जागा बघावी, असं मला वाटतं ते यासाठीच. मध्ये दिवस गेले की पाहिलेलं मुरतं.

परत निघताना ती गाडीच्या दारापाशी उभी राहून म्हणाली, "शहाजीराजे पण लांबच होते की. कर्नाटकात. आणि जिजाऊ पुण्यात."

"हो."

"मग शिवाजी महाराज त्यांना कधी भेटायचे?"

मी म्हटलं, आपण घरी जाऊन वाचू. खरं म्हणजे मला त्या क्षणी बोलता आलं नसतं. तिने पट्टा लावला आणि धाकट्याचाही तपासला. मी आरशात बघून गाडी सुरू केली.

पुढे दुसरबीड, बिबी, सुलतानपूर. सुलतानपूरला उजवीकडे वळलं की लोणार दहा-बारा किलोमीटर. जमीन सपाट आहे, पुढे काही असेल अशी शंकाही येत नाही. एकच्या आत पोचलो.

मुक्कामाच्या ठिकाणी नोंदवही भरताना काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "साहेब मागून येतायत का?" मी म्हटलं, आम्ही तिघंच. तेवढ्यात मोठी मोकळेपणाने बोलून गेली, "आमचे बाबा जहाजावर असतात. जूनमध्ये येणार." तो माणूस साधा होता, त्याने चहा मागवला, मुलांना बिस्किटं दिली. तरीही खोलीत गेल्यावर मी तिला समजावलं की बाबा कुठे आहेत आणि कधी येणार, हे अनोळखी माणसाला सांगायचं नाही. "मग काय सांगू? खोटं?" खोटं नाही. "आईला विचारा" म्हणायचं. एकट्या आईने मुलांना घेऊन बाहेर पडायचं तर हे दोन शब्द मुलांच्या जिभेवर असायला हवेत. मुलांना खोटं शिकवायला मन धजत नाही, आणि खरं सगळ्यांना सांगायची गरज नसते.

दुपारी मी मुलांआधी झोपले. एकटीने गाडी चालवायची तर ही झोप पेट्रोलइतकीच लागते.

चारनंतर दैत्यसूदनाचं देऊळ. गावाच्या मधोमध, बाहेरच्या भिंती शिल्पांनी नुसत्या भरलेल्या. लवणासुराची गोष्ट मी देवळाच्या ओट्यावर बसून सांगितली. लवणासुर जमिनीखाली राहायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचं मांस. धाकटा डोळे विस्फारून ऐकत होता. मग मोठीने तिची माहिती जोडली: जून 2020 मध्ये हे पाणी खरोखरच गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं निघालं. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता. धाकट्याने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि जाहीर केलं की दैत्याचं रक्त तेव्हा परत वर आलं होतं. आम्ही दोघींनी ते तसंच राहू दिलं.

सूर्य मावळताना विवराच्या काठावर उभे राहिलो. इतका वेळ सपाट असलेली जमीन पायाशी एकदम संपते आणि खाली सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा. कडेने दाट झाडी, मध्ये स्थिर हिरवट पाणी. काठापासून पाण्यापर्यंत सव्वाशे मीटरच्या वर खोली. एक उल्का येऊन आदळली आणि दख्खनचा बेसाल्ट फुटून हे झालं. बेसाल्टमध्ये असं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, त्यामुळे चंद्रावरच्या विवरांशी ताडून बघायला शास्त्रज्ञ इथे येतात. कधी आदळली यावर मतं बदलत गेली. आधी 52 हजार वर्षं म्हणत, नंतरच्या मोजणीत 5 लाख 70 हजार वर्षं निघाली. धाकट्याने विचारलं, "तेव्हा आजी होती का?" नव्हती. "मग कुणी बघितलं?" कुणीच नाही. त्याला ते पटलं नाही. एवढा मोठा आवाज झाला आणि कुणीच नव्हतं, याचं त्याला वाईट वाटलं.

रविवार

उजाडता उजाडता खाली उतरायला लागलो. विवर वन विभागाच्या ताब्यातलं अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर 2020 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. प्लास्टिक नको, खाऊ हातात नको. खाऊ दिसला की वानरं येतात. पिशवी माझ्या पाठीवर, पट्ट्या मोठीच्या खिशात. पायवाट दगडाची, मधूनच घसरडी, दोन्हीकडून झाडी आत आलेली. मोरांचा आवाज सतत, मोर मात्र एकच दिसला, तोही पाठमोरा. वाटेत झाडीत पडकी देवळं लागतात, कुणाचं शिखर गेलेलं, कुणाच्या गाभाऱ्यात मुळं शिरलेली. धाकटा उड्या मारत उतरला. उतरताना सगळीच मुलं उड्या मारतात. मी मनात चढाचा हिशेब करत होते.

काठाजवळ आलं की आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. मग पायाखाली चिखल, वर पांढरट खाराची साय. मोठी उकिडवी बसली. आधी घरून आणलेल्या पिण्याच्या पाण्याचा थेंब एका पट्टीवर. पट्टी पिवळीच राहिली. मग बाटलीच्या झाकणातून सरोवराचं पाणी दुसऱ्या पट्टीवर. थेंब पडला तिथे पिवळा रंग आधी मळकट झाला, मग कडेकडेने लाल होत आत गेला. विटकरी लाल. ती श्वास रोखून बघत होती.

"कुंकू!" धाकटा ओरडला.

त्याचं बरोबरच होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे त्याने आजीच्या हाताखाली पाहिलंय. अल्कधर्मी पाण्यात हळदीचा तोच गुण. मी तिला तेवढं सांगितलं. तिने उरलेल्या पट्ट्या एकेक करून तीन वेगळ्या जागांच्या पाण्यात बुडवल्या, पेन्सिलीने मागे आकडे टाकले आणि वहीत ठेवल्या. वही बंद करण्याआधी त्यांच्यावर फुंकर घातली. वाळायला हव्यात, म्हणाली. बाबांना ओल्या दाखवायच्या नाहीत.

पुढे काठाकाठाने कमळजा देवीच्या देवळापर्यंत जायचं ठरलं होतं. पण धाकटा मंदावला होता. "किती राहिलंय" हा प्रश्न तिसऱ्यांदा आला. नवरा बरोबर असता तर एक पुढे, एक मागे असं करून गेलो असतो. मी वर बघितलं, काठ फार उंच दिसत होता. इथूनच फिरायचं, असं मी म्हटलं. मोठी हिरमुसली, तिला देऊळ बघायचं होतं. मला वाईट वाटलं, पण निर्णय बदलला नाही. एकटं मोठं माणूस असताना ताकदीचा शेवटचा हिस्सा खर्चायचा नसतो. तो परतीसाठी लागतो, आणि या परतीला चढ होता, वर दीडशे किलोमीटर गाडी होती.

एक तृतीयांश चढ झाला आणि धाकट्याने बसकण मारली. त्याला पाठुंगळीला घेतलं. पिशवी मोठीने न सांगता उचलली. वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा, असं ती मोजायला लागली. पुढे जाऊन सैल दगड कुठे आहे ते सांगायची. भावाला लवणासुराची गोष्ट पुन्हा सांगायची, नवे प्रसंग घालून. माझ्या छातीचा भाता झाला होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि तिचा आवाज पुढून येत होता, "अठरा, एकोणीस, वीस. थांब आई."

वर पोचायला सव्वा तास लागला. धाकटा पाठीवरून उतरून ताजातवाना पळायला लागला. मी मोठीला म्हटलं, "तू होतीस म्हणून जमलं गं. अगदी बाबांसारखी केलीस मदत."

तिने पिशवी खाली ठेवली आणि रडायला लागली. आधी हळू, मग हमसून. मला वाटलं पडली, लागलं. "मीपण दमले होते," ती म्हणाली. "मला कुणी उचललं नाही."

मी तिथेच खाली बसले आणि तिला मांडीत ओढलं. लांब पाय बाहेर आले. किती वेळ बसलो ते माहीत नाही. पुढच्या सीटवर मी तिला बसू दिलं नव्हतं आणि मला वाटलं होतं, झालं, ती मुलगीच राहिली. पण सीटचा प्रश्न नव्हताच. कालपासून भावाचा पट्टा ती तपासत होती, खोलीचं दार लागलंय का ते ती बघत होती, रात्री माझ्या आधी फोन चार्जिंगला तिने लावला होता. मी प्रत्येक वेळी शाबासकी दिली आणि प्रत्येक शाबासकीने तिच्यावर थोडं वजन ठेवलं. बाबांसारखी, हा शब्द मी तिच्यासाठी पुन्हा वापरणार नाही.

बारा वाजता निघालो. येताना मॅप फोनच्या आवाजावर, पाणी थांबून प्यायचं. मोठीला मी एकही काम सांगितलं नाही. एकदा तिने धाकट्याच्या पट्ट्याकडे हात नेला, तेव्हा म्हटलं, "राहू दे, मी बघितलाय." तिने हात मागे घेतला आणि खिडकीला डोकं टेकलं. जालन्याच्या आधी झोपली. मी दीड तासाने थांबले, चहा घेतला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या. तिला उठवलं नाही.

बदनापूरला मेसेज आला. आम्ही काठावरून पाठवलेला पट्टीचा फोटो त्याला मिळाला होता. उत्तरात त्याने बॉयलरच्या पाण्याचा फोटो पाठवला होता, बरणीत द्राव, शेजारी रंगांचा तक्ता आणि त्याचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "तिला सांग, क्रमांक दोनची पट्टी सगळ्यात चांगली आलीय." तो फोटो मी तिच्यासाठी राखून ठेवला.

पाचच्या आत घरी. गाडी लावली तेव्हा धाकटा टक्क जागा होता, मोठी गाढ झोपेत. दार उघडून मी तिला हलवलं. डोळे न उघडताच तिने हात वर केले, चार वर्षांची असताना करायची तसे.

अकरा वर्षांची मुलगी मला उचलवत नाही. खांदे सकाळपासून दुखत होते. तरी उचललं. तिची पावलं माझ्या गुडघ्यांना लागत होती. धाकट्याने पिशवी फरफटत आणली, लिफ्टचं बटण दाबलं आणि आमच्यासाठी दार धरून उभा राहिला.